टेबलावरचे घोडदळ

बुद्धिबळाचा पट तुम्ही पाहिला असेल. उर्दूत आपण त्याला शतरंज म्हणतो. पटावर घोडा असतो, तो अडीच घरे चालतो. पण त्या घोड्याला पाय नसतात आणि त्याच्या पाठीवर स्वारही नसतो. १७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविक शहरात हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळावरून एक नवा खेळ रचला. त्याच्या पटावर डोंगर, जंगल, पाणी आणि इमारती यांची वेगवेगळ्या रंगांची घरे होती. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने खऱ्या नकाशावर खेळण्याचा युद्धखेळ तयार केला. तो सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरू लागले. त्यात फासे टाकून हल्ल्याचा निकाल ठरवीत.

घरातल्या माणसांपर्यंत हा खेळ आला तो इंग्लंडमध्ये. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ शिपाई बनवायला सुरुवात केली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे आणि आतले शिसे घट्ट होण्याआधीच ते उलटून बाहेर काढायचे. त्यामुळे शिपाई हलका होई आणि स्वस्तही पडे. १९१३ मध्ये प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी अशा शिपायांशी खेळण्याचे नियम पुस्तकरूपाने छापले. खोट्या लढाईत कोणाचे घर जळत नाही, म्हणून ती खऱ्या लढाईपेक्षा कितीतरी बरी, असे त्यांचे मत होते. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले.

आजही अनेक देशांत हौशी लोक हा खेळ खेळतात. त्यांच्या मूर्ती बहुधा कोऱ्या मिळतात, आणि त्या रंगवायच्या आपणच. सर्वांत प्रचलित मापांपैकी एक २८ मिलिमीटरचे आहे. म्हणजे उभ्या शिपायाची उंची तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढी असते. पायी शिपाई रंगवणे त्यामानाने सोपे. घोडेस्वार मात्र अवघड, कारण घोडा बघितल्याशिवाय घोडा रंगवता येत नाही.

प्रथम साच्याच्या जोडाची बारीक रेघ कानशीने घासून काढतात. मूर्ती साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवतात आणि तिच्यावर अस्तराच्या रंगाचा पातळ हात देतात. मग घोडा रंगवायला घेतात. समजा, घोडा कुमैत आहे. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी अंगाचा. त्याची आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय काळे असतात. आधी अंगावर तपकिरी रंग द्यावा. तो वाळल्यावर गडद तपकिरी रंग पाण्यात अगदी पातळ करून वर फिरवावा. हा रंग खोलगट जागी साचतो आणि तेथे सावली दिसू लागते. नंतर कुंचल्यावर फिकट रंग घेऊन तो कापडाला पुसावा आणि जवळजवळ कोरडा कुंचला अंगावरून हलकेच फिरवावा. उंच भाग, म्हणजे मानेचे व मांड्यांचे स्नायू, लगेच उठून दिसतात. मूर्ती लहान असल्यामुळे रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून तो थोडा उजळच घ्यावा.

पांढरा घोडा त्याहून अवघड. घोड्यांतील बहुतेक 'पांढरे' घोडे जन्मताच पांढरे नसतात. शिंगरू गडद रंगाचे असते आणि वय वाढेल तसे ते राखाडी, मग पांढरे होत जाते. त्याच्या नाकपुड्यांभोवतीची कातडी काळसरच राहते. म्हणून अशा दहा घोड्यांना एकच पांढरा रंग देणे चूक आहे. एखादा गडद राखाडी, एखादा ठिपक्याठिपक्यांचा, एखादा जवळजवळ दुधासारखा असावा. घोड्याच्या डोळ्यात माणसाप्रमाणे पांढरा रंग भरू नये. घोडा भ्यालेला दिसतो!

यानंतर जीन, लगाम, तंग आणि रिकीब. हे शब्द तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत, ते फारसीतूनच मराठीत आले आहेत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्याची अनेकांना सवय असते. ती वाईट. जुन्या मूर्तींत शिसे असते आणि शिसे विषारी आहे. रंगकाम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

आता १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईतील 'स्कॉट्स ग्रेज' हे ब्रिटिश पथक घ्या. लाल कोट, राखाडी तुमान, उंच केसाळ टोपी आणि सगळे घोडे राखाडी-पांढरे. रंगवणाऱ्यांचे ते आवडते पथक आहे. १८ जूनला या पथकाने फ्रेंच पायदळावर हल्ला चढवला. सार्जंट युअर्ट याने फ्रेंचांच्या ४५ व्या पलटणीचे गरुडचिन्ह हिसकावून घेतले. ते आज एडिनबरोच्या किल्ल्यात ठेवलेले आहे. पण स्वार थांबले नाहीत. ते थेट फ्रेंच तोफांपर्यंत गेले. तोवर चिखलात धावून घोडे दमले होते. तेवढ्यात फ्रेंच भालाईत त्यांच्यावर तुटून पडले.

या खेळात बऱ्याचदा एक मूर्ती वीसएक स्वारांच्या जागी असते. फासे उलटे पडले की खेळाडू एक मूर्ती उचलून डबीत ठेवतो. तिच्यावर त्याच्या तीन-चार संध्याकाळी गेलेल्या असतात, म्हणून तो ती जपून ठेवतो. वॉटर्लूहून स्कॉट्स ग्रेजचे कित्येक स्वार परतले नाहीत. त्यांचा प्रमुख कर्नल हॅमिल्टन त्याच हल्ल्यात मारला गेला.

स्वाध्याय

१. हेलविगचा पट बुद्धिबळाच्या पटापेक्षा कसा वेगळा होता?
२. कुमैत घोडा रंगवण्याची रीत तुमच्या शब्दांत लिहा.
३. कारण सांगा : दहा पांढऱ्या घोड्यांना एकच रंग देऊ नये.
४. या पाठात आलेले व उर्दूतही असलेले पाच शब्द शोधा आणि मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. वेल्स यांचे मत तुम्हांला पटते का? वर्गात चर्चा करा.