प्रोटॉन थेरपी: होडी विकायला काढण्याआधी

घरात कॅन्सर निघाला की कोणीतरी सांगतंच, "प्रोटॉन करा, साइड इफेक्ट नाही." मग होडी विकायची गोष्ट सुरू होते.

नेहमीच्या रेडिएशनमध्ये एक्स-रे गाठीतून आरपार जातात, पलीकडच्या चांगल्या भागालाही मार बसतो. प्रोटॉनचं तसं नाही. जाळं किती वाव खाली सोडायचं ते आपण ठरवतो ना, तसं हे किरण किती खोल जाऊन थांबायचे ते ठरवता येतं. वाटेत थोडा जोर पडतो, सगळ्यात जास्त शेवटी गाठीत, आणि पुढे जवळजवळ काही नाही.

म्हणून लहान मुलांच्या गाठी, कवटीच्या तळाच्या, मणक्याजवळच्या, डोळ्यातल्या, इथे फायदा खरा. अंगभर पसरलेल्या कॅन्सरवर हा उपाय नव्हे. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरला बहुधा आधी ऑपरेशन, मग गरज पडली तर साधं रेडिएशन. बहुतेकांना प्रोटॉन लागतच नाही. आणि साइड इफेक्ट असतात बरं का: थकवा येतो, कातडी लाल होते.

चेन्नईत अपोलोचं सेंटर २०१९ पासून आहे, खारघरला टाटा मेमोरियलचं २०२३ पासून. खाजगीत खर्च लाखांत. शिवाय आठवड्याला पाच दिवस, बरेचदा सहा-सात आठवडे, तिथेच राहायचं. तोवर होडी कोण नेणार तेही धरा.

डॉक्टरांना सरळ विचारा: "आमच्या माणसाला साध्या रेडिएशनपेक्षा यात नक्की काय जास्त मिळेल?" आणि या चौकशीत चालू उपचार थांबवू नका.