साथीच्या दिवसांतील मद्यपी व मरणाचा विचार

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली व दारूचीं दुकानेंही बंद पडलीं. कित्येकांस वाटलें, एक पीडा टळली. परंतु आठवड्याच्या आंतच केरळांतून बातम्या आल्या कीं, दारू न मिळाल्यानें व्याकूळ झालेल्या कांहीं मनुष्यांनीं आत्महत्या केली. तेथील सरकारनें वैद्याच्या चिठ्ठीवर दारू देण्याचें ठरविलें. वैद्यांनींच त्यास विरोध केला, आणि उच्च न्यायालयानें तो हुकूम स्थगित केला. या रोग्यांस दारू नव्हे, औषधोपचार हवा, हें वैद्यांचें म्हणणें आम्हांस योग्य वाटतें.

जो वर्षानुवर्षें रोज पितो, त्याचें शरीर दारूस सरावलेलें असतें. ती एकाएकीं तुटली म्हणजे हात कांपतात, घाम सुटतो, झोंप उडते. एकदोन दिवसांत फेफरेंही येतें. पुढें मनुष्य बरळतो, नसलेलीं माणसें व किडे त्यास दिसूं लागतात. यांत प्राणही जातो. ही भूतबाधा नव्हे व ढोंगही नव्हे. म्हणून अशा मनुष्याची दारू घरांत कोंडून सोडवूं नये; त्यास तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें. (दारूऐवजीं सॅनिटायझर पिऊन आंध्रांत कुरिचेडू येथें २०२० सालीं व यवतमाळ जिल्ह्यांत वणी येथें २०२१ सालीं माणसें दगावलीं, हेंही घरोघरीं सांगावें.)

साथींत मजुरी बुडते, कर्ज वाढतें, शेजारी दार लावून घेतो. दुःख हलकें व्हावें म्हणून मनुष्य पितो; परंतु दारू उदासी वाढविते आणि मनाचा आवर काढून घेते. अशा वेळीं “आतां जगून काय करूं?” असें कोणी म्हणाला, तर उपदेशकानें प्रथम पापाविषयीं बोलूं नये. एलीयानें रतामाच्या झुडपाखालीं मरण मागितलें, तेव्हां देवानें त्यास दटाविलें नाहीं. झोंपूं दिलें व भाकर आणि पाणी पाठविलें.

जवळ बसून स्पष्ट विचारावें, “दादा, जीव द्यावा असें मनांत येतें काय?” विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही समजूत खोटी आहे. तो होय म्हणाला, तर त्यास एकटें सोडूं नये. शेतांतील औषधें त्याच दिवशीं दुसऱ्याच्या घरीं कुलुपांत ठेवावीं. १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस चालतो, त्यास पैसे पडत नाहींत, व तेथें मराठींत बोलतां येतें. पोलिसांच्या भयानें तर कोणीं गोष्ट लपवूंच नये. असा मनुष्य अति तणावाखालीं होता असें धरून त्यास शिक्षा न करितां उपचार द्यावा, असें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत आहे.