लखनौतील ग्रीक वारसा : युनानी वैद्यक

गोमतीच्या काठी वसलेल्या लखनौ शहरात हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ साली तक्मील-उत्-तिब हे वैद्यकविद्यालय स्थापन केले. तेथे शिकविल्या जाणाऱ्या वैद्यकास ‘युनानी’, म्हणजेच ग्रीक, असे नाव आहे. ग्रीस देशापासून इतक्या दूर हे नाव कसे पोहोचले, हे पाहणे उद्बोधक आहे.

ग्रीसची मुख्य भूमी डोंगराळ असून तेथे सुपीक जमीन थोडी आहे. किनारा मात्र खाड्या व आखातांनी भरलेला आहे. त्यामुळे प्राचीन ग्रीक लोक दर्यावर्दी बनले. एजियन समुद्र ओलांडून त्यांनी आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर नगरे वसविली. त्यांतील एका भागास आयोनिया म्हणत. या नावावरूनच संस्कृतातील ‘यवन’ व अरबीतील ‘यूनान’ हे शब्द आले. कार्ले येथील लेण्यांत ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत काही यवनही आहेत.

याच किनाऱ्याजवळील कोस बेटावर इ. स. पू. ४६० च्या सुमारास हिपॉक्रेटीसचा जन्म झाला. त्याच्या परंपरेतील एका ग्रंथात अपस्माराचा विचार केलेला आहे. हा रोग दैवी कोपाने होतो, अशी लोकांची समजूत होती; इतर रोगांप्रमाणे यासही नैसर्गिक कारण असते, असे त्या ग्रंथकाराने प्रतिपादिले. रक्त, कफ, पीत पित्त व कृष्ण पित्त या चार द्रवांचे संतुलन म्हणजे आरोग्य, हा सिद्धांतही याच परंपरेत उदयास आला.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने या सिद्धांतास व्यवस्थित रूप दिले. नवव्या शतकात बगदाद येथे हुनैन इब्न इसहाक याने गेलेनचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. पुढे इब्न सीना (९८०–१०३७) याच्या ‘कानून’ या ग्रंथाच्या आधारे हे ज्ञान हकिमांबरोबर भारतात आले. कफास हकीम ‘बलगम’ म्हणतात. तो मूळ ग्रीक शब्दच होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी या वारशाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी युनानी व आयुर्वेद यांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. लखनौच्या अझीझी घराण्याचा कल युनानी परंपरा स्वतंत्र राखण्याकडे होता.

परंतु याहून मोठा प्रश्न प्रमाणाचा आहे. रक्त यकृतात तयार होऊन शरीरात खर्ची पडते, हे गेलेनचे मत विद्वानांनी शतकानुशतके मानले. १६२८ साली हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केल्यावर ते मागे पडले. चार द्रवांच्या सिद्धांतासही आधुनिक शरीरक्रियाशास्त्रात आधार मिळालेला नाही. एखादी वनस्पती गुणकारी आहे की नाही, हे मात्र त्या सिद्धांतावर अवलंबून नसते; ते प्रयोगानेच ठरते. युनानी वैद्यकाची एक केंद्रीय संशोधनसंस्था आज लखनौ येथेच आहे. रोगाचे कारण निसर्गात शोधावे, हा कोसच्या वैद्यांचा आग्रह तेथील प्रत्येक औषधाच्या कसोटीस लावणे, हेच त्या वारशाचे खरे जतन होय.