फॅशनचा उगम कोठे?

'यथा राजा तथा प्रजा' हे वचन पोशाखाच्या बाबतीत तरी खरेच, अशी आपली समजूत असते. धनिकांनी नवे काही ल्यावे, मध्यमवर्गाने त्याचे अनुकरण करावे आणि जुने झाल्यावर ते गरिबाच्या अंगावर यावे, असा हा उतरता क्रम. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रवाह उलटा वाहू लागल्याचे दिसते. १९६० साली पॅरिसच्या दिओर पेढीचा तरुण रचनाकार ईव्ह सँ लोराँ याने सीन नदीच्या डाव्या तीरावरील कॅफेंत रमणाऱ्या बेफिकीर तरुणांची काळी कातडी जाकिटे श्रीमंत स्त्रियांसाठी उंची कातड्यात शिवली. पेढीच्या गिऱ्हाइकांना ती रुचली नाहीत. त्याच वर्षी तो सक्तीच्या लष्करी सेवेत गेला व त्याची जागा दुसऱ्यास मिळाली.

पण ज्यांचा पोशाख उचलला त्यांचे काय, हा प्रश्न आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जावे लागेल. तेथे १९४४ साली जन्मलेल्या डॅनियल डे याने १९८२ मध्ये १२५व्या रस्त्यावर दुकान थाटले. लोक त्यास 'डॅपर डॅन', म्हणजे नटवा डॅन, म्हणत. युरोपातील बड्या पेढ्या त्याला आपला माल घाऊक विकावयास तयार नव्हत्या. तेव्हा तो कातड्यावर छपाई करावयास स्वतःच शिकला. गुच्ची, लुई व्हिताँ यांची जी चिन्हे एरवी पिशव्यांवर व पेट्यांवर दिसत, ती त्याने अख्ख्या कातड्यांवर छापली आणि त्यांतून लांबरुंद कोट व जाकिटे शिवून घेतली. दुकान रात्रंदिवस उघडे असे. रॅप गाणारे तरुण, मुष्टियोद्धे, जुगारी, आणि लपवावयाचे कशाला, मादक द्रव्यांचा व्यापार करणारेही त्याचे गिऱ्हाईक होते.

पेढ्यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि १९९२ मध्ये दुकान बंद पडले. दुसऱ्याचे चिन्ह परवानगीवाचून वापरणे गैरच. त्यात आम्ही डॅनची वकिली करणार नाही. मात्र कोटाची बेतणी, बाहीचा फुगवटा, चिन्ह मिरवण्याची ती रीत ही सारी त्याची स्वतःची होती.

पुढे २०१७ च्या मे महिन्यात फ्लॉरेन्स येथे गुच्चीने एक जाकीट सादर केले. डॅनने १९८९ साली डायन डिक्सन या ऑलिंपिक धावपटू स्त्रीसाठी फुगीर बाह्यांचे फरचे जाकीट शिवले होते. हे हुबेहूब तसेच! फरक इतकाच, की बाह्यांवर व्हिताँऐवजी गुच्चीचे चिन्ह होते. डॅनचे नाव कोठेच नव्हते. लोकांनी गहजब केला, तेव्हा हे आदरार्थ केले असा खुलासा झाला. त्याच वर्षी पेढीने त्याच्याशी करार केला आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याचे शिवणघर पुन्हा उघडले. कापड या वेळी गुच्चीनेच पुरवले. एवढे औदार्य गहजबाआधी सुचते, तर त्याची शोभा वाढली असती.

ही कथा परक्या मुलखातील खरी, पण तिचे दुसरे टोक आपल्या दाराशी आहे. शेताच्या बांधावर आणि बाजाराच्या रस्त्यावर घासलेली कोल्हापुरी वहाण (आमच्या कोंकणीत 'व्हाणो') आपण सारेच ओळखतो. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन पेढीने तशाच चपला पुरुषांच्या पायी चढवल्या, आणि त्या कोठल्या हे सांगितले नाही. येथून आक्षेप निघाल्यावर प्रेरणा भारतातील कारागिरीची असल्याचे पेढीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्हे येतात. बेळगाव त्यांपैकीच एक. मग कायदा आड का आला नाही, असे विद्यार्थी विचारतील. हे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. डॅनने नाव घेतले म्हणून तो सापडला. प्रादाने 'कोल्हापुरी' हे नाव वापरलेच नव्हते.