फळांचा बहर आणि रानपक्षी

पक्षी स्थलांतर का करतात, असे वर्गात विचारल्यास ‘थंडीमुळे’ हे उत्तर बहुधा ठरलेले असते. ते अपुरे आहे. पिसांचे पांघरूण असलेल्या पक्ष्यास थंडीपेक्षा उपासमार अधिक घातक ठरते. युरोपातील ओक व बीच वृक्षांच्या वनांवरून ही गोष्ट विद्यार्थ्यांस समजावून देता येईल.

या वृक्षांची कठीण कवचाची फळे शरद ऋतूत पिकतात. परंतु पीक दरवर्षी सारखे नसते. एका वर्षी वनभर फळांचा सडा पडतो, तर दुसऱ्या वर्षी झाडे जवळजवळ रिकामी राहतात. वर्षाआड फळणारा हापूस आंबा मुलांस ठाऊक असतो; ओक-बीचच्या बहरास तेवढाही नियम नाही. यात वृक्षांचे हित आहे. टंचाईच्या वर्षी बी खाणारे प्राणी घटतात आणि विपुलतेच्या वर्षी त्यांना सर्व बी संपविता येत नाही.

पक्षी या अनिश्चिततेस दोन प्रकारे तोंड देतात.

पहिला प्रकार साठवणीचा. कावळ्याच्या कुळातील ‘जे’ हा पक्षी ओकची फळे घशात भरून नेतो व एकेक फळ निरनिराळ्या जागी जमिनीत पुरतो. एका हंगामात तो अशी हजारो फळे लपवितो आणि पुढे स्मरणाने ती शोधून काढतो. जी राहून जातात त्यांतून रोपे उगवतात. ओकचे जड फळ वाऱ्याने उडत नाही. ते डोंगर चढते ते या पक्ष्याच्या घशातून.

दुसरा प्रकार स्थानांतराचा. ब्रँब्लिंग हा लहान पक्षी उत्तरेकडून येतो आणि ज्या प्रदेशात बीचचे पीक उत्तम असेल तेथे हिवाळा काढतो. १९५१-५२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील टून शहराजवळ त्यांचे लक्षावधींचे थवे मुक्कामास होते. साठवण करणाऱ्यांसही कधी घर सोडावे लागते. १९८३ साली ओकचे पीक बुडाले, तेव्हा इंग्लंडच्या दक्षिण भागात ‘जे’ पक्ष्यांचे मोठे थवे भटकताना दिसले.

आपल्या सह्याद्रीत वड, उंबर, पिंपळ यांची सर्व झाडे एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे धनेश, हरियाल, तांबट यांस वर्षातील बहुतेक काळ कोठे ना कोठे अन्न मिळते. असे एक झाड तोडले, तर सावलीबरोबर पक्ष्यांच्या अन्नाचे काही दिवसही जातात, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

वर्गकार्य
१. शाळेजवळील वड किंवा उंबराची तीन झाडे निवडावी. दर महिन्याच्या १ व १५ तारखेस ‘फळे नाहीत, कच्ची, पिकलेली’ अशी नोंद मुलांनी करावी.
२. झाडावर आलेल्या पक्ष्यांची नावे व संख्या लिहावी. घरट्यांस हात लावू नये.
३. वर्षअखेर तिन्ही झाडांच्या नोंदी शेजारी मांडून, कोणत्या महिन्यात पक्ष्यांस कोठे अन्न होते, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. पुढील वर्षाच्या वर्गासाठी ही वही जपून ठेवावी.