'कच्चा' कोको : पुडीवरचा शब्द आणि आतला माल

बारामतीच्या एमआयडीसीत २०११ पासून इटलीच्या फेरेरो कंपनीचा कारखाना आहे. त्यामुळे मोरगाव, सुपे, इंदापूर भागातल्या लोकांना चॉकलेटचा धंदा परका राहिलेला नाही. मात्र ज्या कोकोच्या बियांपासून चॉकलेट होते, ते झाड आपल्याकडे येत नाही. त्याला दमट हवा, भरपूर पाऊस आणि दुसऱ्या झाडांची सावली लागते. कऱ्हाकाठच्या कोरड्या रानाचे ते काम नव्हे. आपल्या देशात आंध्र, केरळ, कर्नाटक व तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या बागांतून ते आंतरपीक म्हणून घेतात. कॅम्पको या मंगळुरूच्या सहकारी संस्थेचा पुत्तूर येथील चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे.

हल्ली बाजारात 'रॉ', म्हणजे न भाजलेल्या कोकोची पावडर आणि कोको बटर यांची हवा आहे. हृदय, मधुमेह, रक्तवाढ, चेहऱ्याचे तेज, सगळ्यांवर एकच पुडी! हा माल घाऊक आणून विकावा का, असे आपल्यातले काही तरुण आणि घरी बसून धंदा करणाऱ्या भगिनी विचारतात. जरूर विकावा, पण आधी माल ओळखावा. आमच्या कापडात 'कच्चा' शब्द गिऱ्हाईक पळवून लावतो, कच्च्या रंगाचे थान कोणी घरी नेत नाही. इथे तोच शब्द भाव वाढवतो, म्हणून जास्त सावध राहायचे.

मुळात कोकोची बी पूर्णपणे कच्ची क्वचितच असते. फळ फोडल्यावर गरासकट बिया पाच-सहा दिवस ढिगात आंबवतात. त्या वेळी ढीग आपोआप ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. मग बिया उन्हात वाळवतात. 'रॉ' म्हणजे त्यापुढची भाजणी केलेली नाही, एवढेच. भाजणीत काही गुण कमी होतात हे खरे. पण ढिगात आणि अंगणात पडलेल्या बियांवरचे जंतूही भाजणीतच मरतात. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर गिऱ्हाइकाला हे सांगितले पाहिजे.

कोकोचा मुख्य गुण फ्लॅव्हनॉल नावाच्या कडवट द्रव्यात आहे. रक्तवाहिन्या लवचिक राहण्यास रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलची मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केले. पुढे अमेरिकेत २१ हजारांवर वयस्कांवर मोठी चाचणी झाली. रोज ५०० मिलिग्रॅम दिले. २०२२ मध्ये आलेल्या निकालात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे सगळे मिळून पाहता ठोस फरक निघाला नाही. म्हणजे फायदा आहे, पण बेताचा. औषध बंद करून कोको घ्या असे सांगणारा दुकानदार दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो.

रक्तवाढीचेही तसेच. कोकोत लोह आहे; पण चहाप्रमाणे त्यातलीच काही द्रव्ये ते लोह अंगी लागू देत नाहीत.

त्वचेबाबत जर्मनीत २००६ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. २४ स्त्रियांनी बारा आठवडे कोको घेतला. जास्त फ्लॅव्हनॉलचा कोको घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने कमी लाल झाली व ओलावाही वाढला. ध्यानात घ्या, त्यांनी तो प्यायला होता, तोंडाला फासला नव्हता. कोको बटर लावल्याने कोरडी कातडी, फुटलेल्या टाचा मऊ होतात, यात वाद नाही. पण बाळंतपणाचे व्रण ते टाळते हा दावा लेबनॉनमधील २००८ च्या चाचणीत टिकला नाही. तेलकट चेहऱ्यावर पुटकुळ्याही येऊ शकतात.

माल घेताना पाकीट उलटून पाहावे. घटकांत ५०० किंवा ५०१ क्रमांकाचा क्षार लिहिलेला असेल तर पावडरीवर खाराची प्रक्रिया झाली आहे. रंग गडद आणि चव सौम्य होते, पण फ्लॅव्हनॉल बरेचसे जातात. केकला ती चालेल, 'आरोग्याचा कोको' म्हणून नव्हे. साखर घातलेले ड्रिंकिंग चॉकलेट तर वेगळाच पदार्थ. अस्सल कोको बटर थंडीत कडक असते, तुकडा कटकन मोडतो आणि ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून हातात धरताच पाझरू लागते. वनस्पती तुपासारखे रवाळ व मऊ लागले तर व्यापाऱ्याला परत करावे.

भेसळीचा मोह का वाढला, तेही पाहा. आयव्हरी कोस्ट आणि घानात पीक बुडाले आणि २०२२ मध्ये टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबर २०२४ मध्ये १२ हजारांवर गेला. नंतर तो उतरला, पण महागाईत शिकलेली लबाडी भावाबरोबर उतरत नाही. मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या रसूलुल्लाह (स.) यांचे आपण उम्मती आहोत. ओला दाणा वर ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल, ही तिजारतीची शिकवण पुडीवरच्या मजकुरालाही लागू आहे.

कायदाही तेच म्हणतो. मधुमेह, हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. खाण्याची पावडर भरून विकायला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. तीच पावडर फेसपॅक म्हणून बनवून विकली की ती सौंदर्यप्रसाधन ठरते आणि त्याचा परवाना निराळा. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना साठा जुन्याच हिशेबाने गळ्यात मारणाऱ्याकडून बिल तपासून घ्यावे. आणि कोको बटर एप्रिल-मेमध्ये साठवू नये. आपल्याकडच्या पत्र्याच्या दुकानात त्याचे दुपारपर्यंत तेल होते.