शेकोटीभोवतीचा सद्गुण

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ३१:१०-३१, रूथ ३:१-११, लेवीय २३:३९-४३



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळ्यांत शास्त्रशाळेची आणि युवाशिबिरांची लगबग सुरू होते. गाणी कोणती, खेळ कोणते, स्वयंपाक कोण पाहणार, हे ठरते. नंतर प्रश्न उरतो तो असा : मुलींना शिकवायचे काय? बहुधा एक तास ‘शील’ ह्या विषयाला दिला जातो. उरलेला वेळ करमणुकीचा. जणू शिकवण एका ताटात आणि आनंद दुसऱ्या ताटात!

ही वाटणी योग्य आहे काय, ह्याचा विचार करण्यासाठी आपण अमेरिकेतील युटा राज्याच्या डोंगरांत जाऊ. तेथील मॉर्मन मंडळी शंभराहून अधिक वर्षे आपल्या कन्यांसाठी उन्हाळी शिबिरे भरवीत आली आहे. त्या शिबिरांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखेही काही आहे.

हे लोक कोण?

जोसेफ स्मिथ ह्यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात ह्या मंडळीची स्थापना केली. १८४७ मध्ये ब्रिगम यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली तिचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसले. ‘येशू ख्रिस्ताची अंत्य-दिवसीय संतांची मंडळी’ असे तिचे पूर्ण नाव असून तेच वापरावे, असा आग्रह तिच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये धरला. येथे मात्र वाचकांच्या परिचयाचे नाव वापरले आहे. ह्या मंडळीचा आपल्या प्रांताशीही जुना संबंध आहे. १८५० च्या दशकाच्या आरंभी ह्यू फिंडले हे तिचे मिशनरी मुंबईस व पुण्यास आले होते. आज हैदराबाद, बेंगळुरू वगैरे शहरांत तिच्या शाखा आहेत.

त्यांच्या व आपल्या विश्वासात मूलभूत अंतर आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘मॉर्मनचे पुस्तक’ ते पवित्र शास्त्राच्या जोडीने शास्त्र मानतात, आणि त्रैक्याचा सिद्धांत पुरातन मंडळीने जसा कबूल केला तसा ते स्वीकारत नाहीत. तथापि शेजाऱ्याच्या शेताचा बांध वेगळा असला, तरी त्याची मशागत पाहून शिकण्यास हरकत नसते.

शिबिराची घडण

मॉर्मन कन्यांच्या संघटनेचा आरंभ १८६९ मध्ये झाला. ब्रिगम यंग ह्यांनी स्वतःच्या मुलींना एकत्र बोलावून पोशाखातील डामडौल आणि निरर्थक गप्पा ह्यांना आळा घालण्यास सांगितले. म्हणजे आरंभ झाला तो उपदेशाने. पण नुसत्या उपदेशावर कोवळी मने फार दिवस जगत नाहीत. १९१२ च्या सुमारास कन्यांची उन्हाळी शिबिरे सुरू झाली. १९१५ मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यावरून नाव घेतलेला मुलींचा एक नवा कार्यक्रम निघाला, आणि त्यात उघड्यावरचे जीवन व हस्तकौशल्ये ह्यांना स्थान मिळाले. सॉल्ट लेकजवळच्या डोंगरांत ब्रायटन येथे कन्यांच्या शिबिरासाठी स्वतंत्र जागाही झाली.

मुलग्यांसाठी ह्या मंडळीने १९१३ पासून २०१९ अखेरपर्यंत स्काउट चळवळीशी नाते ठेवले होते. मुलींच्या वाट्याला रानावनातले दिवस आले ते प्रामुख्याने ह्या शिबिरांतून. त्यामुळे त्या मोजक्या दिवसांची वाट त्या वर्षभर पाहत असत.

शिबिरात साधारणपणे बारा ते अठरा वयाच्या मुली असतात. तंबू ठोकणे, दोराच्या गाठी मारणे, होकायंत्र पाहून वाट काढणे, प्रथमोपचार, पायी भ्रमंती आणि धोक्याविना शेकोटी पेटवणे व विझवणे अशी कामे त्यांना शिकवली जातात. जेवणासाठी मांस, बटाटे व गाजरे धातूच्या पातळ कागदात गुंडाळून निखाऱ्यांत भाजतात. रात्री शेकोटीभोवती गाणी होतात, पोट धरून हसवणाऱ्या नाटुकल्या होतात. पूर्वीच्या पुस्तिकेत वर्षावार पायऱ्या ठरवून दिलेल्या असत. पहिल्या वर्षाची मुलगी शिकणारी, आणि पाचव्या-सहाव्या वर्षाची मुलगी धाकट्यांना शिकवणारी. अलीकडच्या मार्गदर्शनात शिबिराची आखणी मुलींनीच करावी, ह्यावर अधिक भर आहे.

खेळाच्या पोटातला धडा

काही शिबिरांत एक खेळ खेळला जातो. झाडाझाडांतून लांब दोर बांधतात. मुलींच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि दोर धरून त्यांना पुढे जायचे असते. वाटेत कोणी हाका मारते, “इकडे ये, ही वाट सोपी आहे.” कोणी हसते. जी दोर सोडत नाही ती शेवटास पोहोचते, आणि तेथे कोणीतरी तिला मिठीत घेते. ‘मॉर्मनच्या पुस्तका’तील एका स्वप्नात देवाच्या वचनाचे प्रतीक म्हणून लोखंडी कठडा येतो, त्यावरून हा खेळ घेतला आहे. ते पुस्तक आपण मानत नाही, पण शिकवण्याची रीत ध्यानात घ्या. ‘मोहात पडू नका’ हे वाक्य मुलीने ऐकलेले असतेच. येथे तिचा तळहात ते शिकतो.

दुसरी प्रथा गुप्त मैत्रिणीची. चिठ्ठी काढून जिचे नाव येईल, तिच्यासाठी नकळत काही चांगले करायचे : उशीखाली दोन ओळी ठेवायच्या, तिची भांडी घासून टाकायची. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण (मत्तय ६:३) येथे खेळ होऊन येते.

शेवटच्या रात्री साक्षीची सभा भरते. मुली एकेक करून उठतात आणि आपण काय मानतो, कशासाठी कृतज्ञ आहोत, हे सांगतात. अश्रू येतात. दमलेल्या शरीराचे अश्रू म्हणजे पवित्र आत्म्याचे कार्य, असे चटकन मानू नये, हे खरे. तरीही बारा वर्षांची मुलगी बोलत आहे आणि मोठी माणसे मधे न बोलता ऐकत आहेत, हे दृश्य आपल्या किती मंडळ्यांत दिसते?

ह्या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे. मंडपांच्या सणात इस्राएलाने सात दिवस डहाळ्यांच्या मांडवांत राहावे, म्हणजे आपले पूर्वज कसे राहत होते हे पुढच्या पिढ्यांना कळेल, अशी परमेश्वराची आज्ञा होती (लेवीय २३:४२-४३). रानातील प्रवासाची गोष्ट सांगून देव थांबला नाही. मुलाबाळांना मांडवात झोपायला लावले. आणि त्या सणात आनंद करणे हीसुद्धा आज्ञाच होती. तीत पुत्रांबरोबर कन्याही होत्या, आणि अनाथ व विधवाही (अनुवाद १६:१४).

एका शब्दाचा शोध

१९८५ पासून ह्या मंडळीने आपल्या कन्यांसमोर सात मूल्ये ठेवली होती : विश्वास, दैवी स्वभाव, व्यक्तीचे मोल, ज्ञान, निवड व तिची जबाबदारी, सत्कर्मे आणि सचोटी. २००८ मध्ये त्यांत आठवे मूल्य आले, ते सद्गुण. २०१९ नंतर ही रचना मागे पडली. पण त्या आठव्या मूल्याचा इतिहास आपल्याला पुष्कळ शिकवतो. त्याचा आधार म्हणून नीतिसूत्रे ३१:१० हे वचन दिले होते. मूल्याचे स्पष्टीकरण मात्र मुख्यतः लैंगिक शुद्धतेभोवती फिरत असे.

आता मूळ हिब्रू पाहू. तेथील शब्द आहे ‘हायिल’. त्याचा मूळ अर्थ बळ, सामर्थ्य. फारोच्या सैन्यासाठी निर्गम १४ मध्ये हाच शब्द येतो. गिदोनाला देवदूत पराक्रमी वीर म्हणतो, तेथेही हाच (शास्ते ६:१२). बवाजाची ओळख करून देताना हाच (रूथ २:१), आणि पुढच्याच अध्यायात बवाज रूथला जे म्हणतो त्यातही हाच (रूथ ३:११). शब्द एकच, पण पुरुषापाशी आला की भाषांतरकारांना त्यात पराक्रम व प्रतिष्ठा दिसली, स्त्रीपाशी आला की सद्गुण. प्राचीन ग्रीक भाषांतरकर्त्यांनी नीतिसूत्रांतील ह्या स्त्रीला ‘धैर्यवान’ ह्या अर्थाचा शब्द वापरला, आणि रूथला ‘सामर्थ्याची स्त्री’ म्हटले. इंग्रजी मॉर्मन ज्या जुन्या राजमान्य भाषांतराचा उपयोग करतात, त्यातील शब्दातही पूर्वी बळाचा अर्थ होता. कालांतराने तो आकसत गेला. आपल्या मराठीतही ‘सद्गुणी स्त्री’ हाच प्रयोग रुळला आहे. तो चुकीचा नाही, पण त्यातील बळ आपल्या कानांना ऐकू येईनासे झाले आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. रूथ विधवा होती, परजातीची होती. तिच्या गौरवाचे कारण तिच्या शरीराचा इतिहास नव्हे. तिची निष्ठा, तिचे कष्ट आणि परक्या शेतात सरवा वेचायला जाण्याचे धैर्य हे होय. नीतिसूत्रांतील स्त्री तर कंबर बांधून आपले बाहू बळकट करते (३१:१७).

मग गाठ मारणारी, ओली लाकडे पेटवणारी, पाय मुरगळलेल्या मैत्रिणीला आधार देऊन खाली आणणारी शिबिरातील मुलगी काय शिकत असते? ती ‘हायिल’ शिकत असते. त्या शिबिरांच्या खेळाने शास्त्राचा मूळ अर्थ राखला, तो त्यांच्या व्याख्यानाने पुष्कळदा राखला नाही.

अर्थ आकसला की काय होते

हा केवळ शब्दांचा वाद नाही. २००२ च्या जून महिन्यात सॉल्ट लेक शहरातील एलिझाबेथ स्मार्ट ह्या चौदा वर्षांच्या मॉर्मन मुलीचे तिच्या घरातून अपहरण झाले. नऊ महिने तिच्यावर अत्याचार झाले. २००३ च्या मार्चमध्ये तिची सुटका झाली. पुढे २०१३ मध्ये बाल्टिमोर येथील एका परिषदेत त्यांनी जाहीरपणे सांगितले की, शाळेतील एका शिक्षकांनी विवाहपूर्व संबंधांची तुलना चघळलेल्या च्युइंग-गमशी केली होती. चघळलेला गम कोणाला हवा असतो? अत्याचारानंतर त्यांना तेच आठवले. आपले मोल संपले, असे ज्या मुलीला वाटते, ती पळून जाण्याचा प्रयत्न तरी कशासाठी करील, हे त्यांनी श्रोत्यांना समजावून दिले.

तो धडा शिबिरातला नव्हता. पण अशा धाटणीचे दृष्टांत अनेक ख्रिस्ती पंथांत देण्यात आले आहेत. कधी गमचा, कधी चुरगळलेल्या फुलाचा. आपल्याकडे काचेच्या भांड्याचा दृष्टांत कोणी ऐकला नाही? वर सांगितलेल्या आठव्या मूल्याच्या वाचनातही ‘मॉर्मनच्या पुस्तका’तील एक उतारा होता, बलात्कार झालेल्या बंदिवान मुलींचा ‘सद्गुण’ हिरावला गेला, असे त्यात म्हटले आहे. २०१६ मध्ये तो संदर्भ वाचनातून काढण्यात आला. काढला हे योग्यच झाले. जे बळाने हिरावून घेता येते तो सद्गुण नव्हे. ‘हायिल’ कोणी लुटू शकत नाही.

म्हणून, शिक्षकहो, मुलींपुढे कोणताही दृष्टांत ठेवण्यापूर्वी त्याची एक कसोटी घ्या. समोरच्या वीस मुलींत एखादी अशी असेल, जिच्यावर घरात वा बाहेर अत्याचार झाला आहे आणि जिने ते कोणाला सांगितलेले नाही. तुमचा दृष्टांत ऐकून ती तुमच्याजवळ येईल, की आणखी दूर जाईल? ती दूर जाणार असेल, तर तो दृष्टांत कितीही चटकदार असो, तो सुवार्तेचा नाही. शोमरोनी स्त्रीशी प्रभू विहिरीवर बोलला, तेव्हा तिचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक होता. आणि तिच्याच साक्षीवरून त्या गावातील पुष्कळांनी विश्वास ठेवला (योहान ४).

बळ आणि हास्य

शेवटी आनंदाविषयी. बळ व प्रतिष्ठा हेच त्या स्त्रीचे वस्त्र असून ती येणाऱ्या दिवसांकडे पाहून हसते, असे नीतिसूत्रे ३१:२५ सांगते. ‘हसणे’ ह्यासाठी हिब्रूत ‘साहक’ हे क्रियापद आहे, आणि त्याचाच दुसरा अर्थ ‘खेळणे’. नीतिसूत्रे ८:३०-३१ मध्ये ज्ञान देवासमोर आनंदाने बागडते, तेथे हेच क्रियापद आहे. जखऱ्याने पुनःस्थापित यरुशलेमेचे चित्र रेखाटले, त्यात रस्त्यांवर मुलगे आणि मुली खेळत आहेत (जखऱ्या ८:५), तेथेही हेच. शास्त्राने बळ आणि हास्य एकाच वचनात, एकाच स्त्रीच्या ठायी ठेवले. आपण मात्र त्यांची दोन ताटे केली.

तेव्हा यंदाच्या शिबिरात मुलींना नुसते बसवून ‘शील’ शिकवू नका. त्यांच्या हाती दोर द्या, काडेपेटी द्या, धाकट्यांची जबाबदारी द्या, आणि शेवटच्या संध्याकाळी त्यांना बोलू द्या. त्या मोठ्याने हसल्या, तर दटावू नका. येणाऱ्या दिवसांना हसत सामोरे जाणे, हाही त्या धड्याचाच भाग आहे.

मननासाठी प्रश्न

१. रूथ २:१ व ३:११ एकत्र वाचा. बवाज व रूथ ह्यांच्यासाठी मुळात एकच शब्द आहे, हे कळल्यावर ह्या कथेचा अर्थ आपल्याला कसा वेगळा जाणवतो?

२. नीतिसूत्रे ३१:१०-३१ मधील क्रियापदांची यादी करा. त्यांतील किती कामे आपण मुलींना प्रत्यक्ष करू देतो?

३. आपल्या शास्त्रशाळेत शीलाविषयी कोणते दृष्टांत दिले जातात? दुखावलेल्या मुलीच्या कानांनी ते पुन्हा ऐका.

४. मंडपांच्या सणाप्रमाणे, केवळ सांगून नव्हे तर राहून आणि करून शिकवता येईल, असा एक धडा यंदाच्या शिबिरासाठी तयार करा.